कर्ता रजेवर आहे

शाळेत मराठीच्या तासाला बाई फळ्यावर वाक्य लिहायच्या आणि विचारायच्या, ‘यात कर्ता कोण?’ उत्तर सुचत नसेल तर युक्तीही सांगायच्या. क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ लावा आणि ‘कोण’ विचारा. राम आंबा खातो. खाणारा कोण? राम. झालं.

हीच युक्ती एखाद्या सरकारी पत्रावर चालवून पाहावी. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात येत असून त्याबाबत आपणांस यथावकाश अवगत करण्यात येईल.’ कळवणारा कोण? कार्यवाही करणारा कोण? अवगत करणारा कोण? तीन क्रियापदं, तिन्ही बेवारस. खाली सही असते खरी, पण बऱ्याचदा पदनामाजवळ ‘करिता’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे सही करणाराही स्वतःची सही करत नाही, दुसऱ्या कुणासाठी तरी करतो.

अर्जदार हा कागद दोनदा वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि शेजाऱ्याला विचारतो, ‘म्हणजे काम झालं की नाही?’

कामाच्या ठिकाणची भाषा हा विषय निघाला की महाराष्ट्रातला वाद ठरलेला असतो. मराठी, हिंदी की इंग्रजी? बँकेच्या काउंटरवर कुणी मराठी बोलत नाही म्हणून खटके उडतात, त्याचे व्हिडिओ फिरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांत मराठीतच बोलणं सक्तीचं करणारा शासन निर्णय काढला, तसे फलक लावायलाही सांगितलं. हा आग्रह रास्तच आहे. ज्याला आपल्या भाषेत गाऱ्हाणं मांडता येत नाही, त्याला हक्कही मागता येत नाही. पण भाषा कुठली हे एकदा ठरलं की प्रश्न मिटला, असं समजणं ही गफलत आहे. वरचं पत्र शंभर टक्के मराठीत आहे. त्यात औषधालाही इंग्रजी शब्द नाही, आणि तरी ते कुणाशीच बोलत नाही. कार्यालयाचं वळण भाषेच्या नावापेक्षा वाक्याच्या रचनेवरून जास्त कळतं. त्या वाक्यात काम करणारा माणूस दिसतो का, आणि त्या माणसाला वरच्याला ‘थांबा’ म्हणता येतं का, एवढं पाहिलं तरी पुरे.

आता बिनकर्त्याची वाक्यं मराठीच्या पोटात मुळापासूनच आहेत. ‘उजाडलं’, ‘सांजावलं’, ‘गडगडतं’ यांना व्याकरणात अकर्तृक भावे प्रयोग म्हणतात. पहाट कुणी करत नाही, ती होते. गंमत अशी की आपल्या कार्यालयांत कामंही पहाटेसारखीच होतात. ‘होऊन जाईल.’ ‘ते राहूनच गेलं.’ ‘फाइल पुढे सरकलीय.’ ‘करतो’ म्हणणारा क्वचित भेटतो. घरात मूल येऊन सांगतं, ‘कप फुटला’, तेव्हा आई लगेच विचारते, ‘फुटला की फोडलास?’ या आईइतकी चोख चौकशी करणाऱ्या समित्या राज्यात फारशा नसतील.

ही रचना नुसती पळवाट आहे असंही नाही. तिच्यात एक गोड शिष्टाचारही आहे. ऑफिसात नवा माणूस आला, त्याचं वय कळेना, हुद्दा कळेना, ‘तू’ म्हणावं तर आगाऊपणा आणि ‘तुम्ही’ म्हणावं तर परकेपणा. मग मराठी माणूस म्हणतो, ‘चहा घ्यायचा ना?’ घेणारा कोण, हे हवेतच राहतं आणि दोघांचीही सोय होते. ‘यायचं हं जेवायला’ या आमंत्रणातही तेच. सर्वनाम टाळून आदर सांभाळण्याची ही कला आहे, आणि ती घालवावी असं कुणी म्हणणार नाही. चहाला चालणारी ही रचना कामाच्या आदेशात शिरली की मात्र बिघडतं.

वाक्यातून कर्ता काढल्याने फरक पडतो का, हे प्रयोगांनीही तपासलं गेलं आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. काहींत माणूस मुद्दाम वस्तू फोडतो, काहींत चुकून. चुकून घडलेल्या प्रसंगात इंग्रजी बोलणारे सहसा ‘त्याने फोडलं’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये मात्र ‘ते फुटलं’ असं म्हणणं सहज असतं, आपल्यासारखंच. नंतर आठवून सांगायला लावलं तेव्हा मुद्दाम केलेल्या कृतीत दोन्ही गट सारखेच ठरले. अपघातात मात्र ‘करणारा कोण होता’ हे स्पॅनिश भाषकांना कमी आठवलं. याच दोघींचा दुसरा प्रयोग २००४ च्या अमेरिकी सुपर बोल सामन्यातल्या गाजलेल्या प्रसंगावर होता. त्यात मंचावर गायिका जॅनेट जॅक्सनचा पोशाख फाटला होता. ‘त्याने फाडला’ असं वर्णन वाचलेल्यांनी सहगायकाला जेवढा दंड सुचवला, त्याहून बराच कमी दंड ‘तो फाटला’ असं वाचलेल्यांनी सुचवला. चित्रफीत पाहिलेल्यांतही हा फरक टिकून राहिला.

यावरून भाषा विचाराला जखडून टाकते असा निष्कर्ष कुणी काढू नये. मराठी माणसाला कर्ता हवा असतो तेव्हा तो अचूक सापडतो. जिन्यात पाणी कुणी सांडलं, लग्नात मानपान कुणाचा राहिला आणि तो कुणामुळे राहिला, याची वाक्यं कशी नाव-गावासकट येतात! तेव्हा भाषेत सोय नाही ही सबब चालणारी नाही. उलट मराठीचा खरा कर्मणी प्रयोग फार इमानदार आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे कर्मणी वाक्य आहे, क्रियापद आंब्याच्या तालावर चालतं, तरीही ‘ने’ लावून राम तिथे हजर असतो. शालेय व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ म्हणून वेगळा प्रकार शिकवतात, तो इंग्रजीच्या वळणावर आलेला. ‘पोलिसांकडून चोर पकडला गेला.’ त्यातही ‘कडून’ होतं. ‘करण्यात येत आहे’ हा त्याचा कार्यालयीन चुलतभाऊ. त्याने ‘कडून’लाही रजा देऊन टाकली.

जुना मराठी पत्रव्यवहार पाहिला की हा फरक डोळ्यांत भरतो. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना गेलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात दाणा-वैरण जपून वापरा, रयतेच्या काडीलाही हात लावू नका, नाहीतर लोकांना मोगल बरे वाटतील, रात्री दिवे तसेच ठेवले तर उंदीर वात पळवतील आणि गवताला आग लागेल, इतक्या बारीक तपशिलाने ते लिहिलं आहे. कुणी काय करायचं आणि न केल्यास ठपका कुणावर, याबद्दल वाचणाऱ्याला तिळमात्र शंका राहत नाही. तेही सरकारी पत्रच होतं.

मग आजचं वाक्य आलं कुठून? बहुतांशी इंग्रजी मसुद्यांतून. साहेबाच्या काळातली टिपणी मराठीत आणताना शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला. ‘निदर्शनास आले आहे’ काय किंवा ‘विचाराधीन आहे’ काय, पाटी मराठी आणि आतलं दुकान जुनंच. आपलं सगळं लक्ष शब्दांवर होतं, हेही त्याचं एक कारण. राज्य स्थापन झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय उभं राहिलं. १९६४ मध्ये राजभाषेचा कायदा झाला. मधल्या काळात पदांच्या इंग्रजी नावांना मराठी प्रतिशब्द देणारा पदनामकोश निघाला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनामकोश’ म्हणून झोडपलं. त्या शब्दांतले बरेच पुढे रुळले, हे कबूल करायला हवं. ‘संचालक’, ‘लिपिक’, ‘अभियंता’ आता कुणाला टोचत नाहीत. पण अर्धं शतक वाद झाला तो नामांचा. क्रियापदाकडे कुणी पाहिलं नाही.

फाइलचा प्रवास पाहिला की हे वाक्य का तगून आहे ते कळतं. अर्ज आवक नोंदवहीत चढतो आणि लिपिकाच्या टेबलावर येतो. लिपिक टिपणी लिहितो, शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’ म्हणतो. वरचा ‘सादर’ लिहून सही करतो. त्याच्या वरचाही ‘सादर’. अगदी वरून शेरा उतरतो, ‘नियमानुसार कार्यवाही करावी’, आणि फाइल सगळ्या टेबलांचा पाहुणचार घेऊन त्याच लिपिकाकडे परत येते. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ हा मराठी प्रशासनातला सर्वांत सुरक्षित शेरा मानायला हरकत नाही. त्यात होकारही नाही आणि नकारही नाही. उद्या चौकशी लागली तर लिहिणारा म्हणणार, नियमानुसारच करा असं मी लिहिलं होतं. त्याच्या खालोखाल नंबर ‘चर्चा करावी’ या शेऱ्याचा. कुणी, कुणाशी, कधी, हे त्यात नसतं.

यात लिपिकाला किंवा साहेबाला हसणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी बसून पाहिलं तर हे वाक्य म्हणजे पावसातली छत्री आहे. ‘मी मंजूर करतो’ असं लिहिणाऱ्याच्या मागे लेखापरीक्षण लागू शकतं, विभागीय चौकशी लागू शकते, न्यायालयात साक्षीला जावं लागतं. न लिहिणाऱ्याच्या मागे सहसा काहीच लागत नाही. छत्री मिटवा असं सांगायचं तर आधी पाऊस कमी करावा लागेल.

कायद्याने तसे प्रयत्न केले आहेत. ‘दफ्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणून लोक ज्याला ओळखतात, त्याचं पूर्ण नाव ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’. नावातच पाहा, विलंब ‘होणारा’ आहे. दिरंगाई थांबवायला आणलेल्या कायद्याच्या मथळ्यातही ती कुणी केलेली नाही! आतला मजकूर मात्र कडक आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत आणि पाठवायची असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने त्यापुढे पाऊल टाकलं आणि व्याकरणाच्या दृष्टीने क्रांतीच केली. प्रत्येक अधिसूचित सेवेला ‘पदनिर्देशित अधिकारी’ नेमला, त्याच्यावर दोन अपिलांचे अधिकारी नेमले आणि कसूर झाली तर ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला. दाखला देणारा कोण? या प्रश्नाला पहिल्यांदाच छापील उत्तर मिळालं.

माहिती अधिकारातला संघर्षही शेवटी इथेच येऊन ठेपला होता. २००६ मध्ये केंद्र सरकारने फायलींवरच्या टिपण्या या कायद्याच्या कक्षेतून वगळण्याचा घाट घातला, तेव्हा अण्णा हजारे आळंदीत उपोषणाला बसले. देशभर ओरड झाली आणि ती दुरुस्ती बारगळली. टिपणीसाठी एवढा अट्टाहास का? अर्जदाराला मिळणाऱ्या पत्रात नसलेला माणूस टिपणीच्या समासात असतो. तिथे सही असते, तारीख असते, अमुक टेबलावर फाइल किती दिवस झोपली होती तेही असतं.

कर्ता हरवतो तो सगळीकडे हरवत नाही, ही यातली सर्वांत मजेशीर बाब. ‘कारणे दाखवा’ नोटीस वाचा. ‘आपण अमुक दिनांकास विनापरवानगी गैरहजर होता, आपण कर्तव्यात कसूर केली आहे…’ इथे कर्ता कसा ठसठशीत! आणि त्यापुढे, ‘आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये?’ कारवाई करणारा पुन्हा धुक्यात. म्हणजे काम सोपवताना नाव नाही, शिक्षा देताना देणाऱ्याचं नाव नाही, फक्त दोष पदरात घालताना नाव अगदी बरोबर सापडतं.

ज्या क्षेत्रांत चुकीची किंमत माणसांच्या जिवात मोजली जाते, तिथे याच्या नेमका उलटा शिरस्ता पडलेला आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक व्यवस्था चालवते. वैमानिक, नियंत्रक यांनी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हातून घडलेली चूक कळवायची, आणि नासा त्या अहवालातून ओळख पुसून बाकी मजकूर सर्वांसाठी खुला करते. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांतही सेवा कोलमडली की ‘दोषारोपाविना’ चिकित्सा करण्याची पद्धत रुळली आहे. अहवालात कुणाला झोडपायचं नाही, कुठल्या टप्प्यावर काय निसटलं ते पाहायचं. मात्र चिकित्सेनंतर ठरलेल्या प्रत्येक दुरुस्तीपुढे एका माणसाचं नाव आणि तारीख असते. झालेल्या चुकीच्या वाक्यातून कर्ता वगळायचा आणि पुढच्या कामाच्या वाक्यात तो घालायचा, असा हा व्यवहार. आपल्या कार्यालयात भूतकाळात कर्ता असतो आणि भविष्यकाळात नसतो. मग चूक कळवायला कोण पुढे येईल?

अर्थात नुसता कर्ता असून भागत नाही. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या टेनेरीफ विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम कंपनीच्या जम्बो जेटच्या सहवैमानिकाने रेडिओवर इंग्रजीत जे सांगितलं त्याचा शब्दशः अर्थ ‘आम्ही आता उड्डाणाला आहोत’ असा होता. डच भाषेच्या वळणाने ते ‘आम्ही उडतो आहोत’ असं म्हणायचं होतं, असं भाषातज्ज्ञ सांगतात. नियंत्रकाला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. कर्ता होता, क्रियापद निसटलं. धावपट्टीवर समोर पॅन अॅमचं तसंच विमान होतं. दोन्हींची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक पडला.

पण त्या कॉकपिटमध्ये आणखी एक वाक्य उच्चारलं गेलं होतं. विमान धावू लागलं तेव्हा फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. समोरचं विमान बाजूला झालेलं नाही का, असं त्याने विचारलं. कॅप्टन ठामपणे ‘झालंय की’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. तो केएलएमचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता, कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो झळकत असे. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. हे मौन कुठल्याही मराठी कार्यालयातल्या माणसाला ओळखीचं वाटेल. साहेबांनी एकदा ‘हो’ म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारणारा उद्धट ठरतो.

१९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान इंधन संपून कोसळलं आणि ७३ जण दगावले. इंधन संपत आल्याचं सहवैमानिकाने नियंत्रकांना सांगितलं होतं, पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द त्याने उच्चारला नाही. मवाळ शब्द ऐकणाऱ्याला मवाळच परिस्थिती कळली. अशा कथा रंगवून सांगण्यात धोकाही आहे. १९९७ च्या ग्वाममधल्या कोरियन एअरच्या अपघाताचं खापर कोरियन भाषेतल्या आदरार्थी रूपांवर फोडणारी मांडणी लेखक माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकामुळे जगभर पसरली. प्रत्यक्षात तिथे पाऊस होता, उतरण्याचा मार्ग दाखवणारी यंत्रणा बंद होती, वैमानिक थकलेला होता. अमेरिकी तपासात सहकाऱ्यांनी कॅप्टनला वेळीच टोकलं नाही हे नोंदलं गेलं, पण त्यासाठी त्यांच्या व्याकरणाला आरोपी केलं गेलं नाही. भाषेला सगळं समजावून सांगायला लावलं की ती खोटं बोलायला लागते.

तरीही संबोधनाने काहीतरी बदलतं, हे जगातल्या अनेक कार्यालयांनी ओळखलं आहे. स्वीडनमध्ये वरिष्ठाशी बोलताना सर्वनाम टाळून पदवीने, तृतीयपुरुषात बोलायची रीत होती. ‘संचालक कॉफी घेतील का?’ असं खुद्द संचालकांनाच विचारायचं. मराठी वाचकाला यात काही नवल वाटू नये. साहेबांच्या तोंडावर ‘साहेब म्हणतील तसं’ म्हणणारा शिपाई आपण रोज पाहतो. १९६७ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी जाहीर केलं की आपण सर्वांना ‘दू’ म्हणजे ‘तू’ म्हणणार आणि सर्वांनी आपल्याला नावाने हाक मारावी. वारं आधीपासून वाहत होतं, पण रेक्सेड यांचं नाव त्या सुधारणेला कायमचं चिकटलं. योगायोग असा की ‘ब्रूर’चा अर्थच भाऊ. आपल्याकडेही भाऊ आहे, पण त्यामागे ‘साहेब’ लावल्याशिवाय सातबारा हलत नाही. तलाठ्याचं पदनाम हल्ली ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, गावात तो ‘भाऊसाहेब’च आहे. कोरियात सीजे उद्योगसमूहाने २००० मध्ये सर्व हुद्द्यांची संबोधनं काढून प्रत्येकाच्या नावापुढे एकच ‘निम’ लावायचं ठरवलं. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सने २०१७ मध्ये तोच मार्ग धरला.

नावाची ताकद सर्वांत नेमकी दिसते ती ऑपरेशन थिएटरमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक पानी तपासणी यादी तयार केली. त्या कामाची धुरा डॉ. अतुल गवांदे यांच्याकडे होती. त्यांचं घराणं मूळचं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातलं. यादीतला एक टप्पा वरवर हास्यास्पद वाटतो. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका, सगळ्यांनी. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचं १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. यादीत इतर गोष्टीही होत्या, त्यामुळे सगळं श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही. पण गवांदेंनी यामागचा तर्क मांडला आहे तो असा, की एकदा तोंड उघडून स्वतःचं नाव सांगितलेला माणूस पुढे काही खटकलं तर बोलायला धजावतो.

पुण्याभोवतीच्या कारखान्यांत हीच गोष्ट एका प्रत्ययात पकडता येते. ‘लाइन थांबली’ आणि ‘लाइन थांबवली’. टोयोटाच्या पद्धतीत कामगाराला दोष दिसला तर तो दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, नव्हे, थांबवणं हे त्याचं काम मानलं जातं. चाकण-भोसरीच्या शॉप फ्लोअरवर कायझेन, पोका-योके, गेंबा हे जपानी शब्द आता लोणच्यासारखे तोंडी लावले जातात. शब्द आले, पाट्या लागल्या. ‘मी थांबवली’ असं म्हणणाऱ्या कामगाराची पाठ थोपटली जाते की त्याला केबिनमध्ये बोलावणं येतं, यावर त्या पाट्यांची खरी किंमत ठरते.

खासगी कंपन्यांतल्या इंग्रजीकडे पाहून सरकारी मराठीला नाक मुरडणाऱ्यांनी जरा थांबावं. ‘प्लीज डू द नीडफुल’ हे भारतीय ई-मेलमधलं लाडकं वाक्य म्हणजे ‘उचित कार्यवाही करावी’ याचंच टाय घातलेलं रूप. हिंजवडीत सीईओला नावाने हाक मारतात, आणि मीटिंग संपल्यावर ‘सर काय म्हणाले’ अशी मराठीत चर्चा होते. भाषा बदलली की संस्कृती आपोआप बदलते असं नसतं, हे राकुतेन या जपानी कंपनीच्या अनुभवातून दिसलं. मालक हिरोशी मिकितानी यांनी २०१० मध्ये कंपनीचा कारभार इंग्रजीत नेण्याचं फर्मान काढलं. उपाहारगृहातले मेन्यूही इंग्रजीत झाले, दोन वर्षांत परीक्षेत ठरावीक गुण मिळवणं सक्तीचं झालं. हार्वर्डच्या त्सेदाल नीली यांनी या प्रयोगाचा अनेक वर्षं अभ्यास केला. जपानी कर्मचारी आपल्याच देशात भाषेचे परदेशी झाले, हे अपेक्षितच होतं. अमेरिकी कर्मचारी मात्र सुरुवातीला खुशीत होते. आपली भाषा आली, आता आपलं राज्य. पण त्या इंग्रजीच्या पाठीवर बसून जपानी शिस्त आली. बिल्ला कुठे लावायचा याचे नियम, आपलं टेबल आपण पुसायचं. ते आपल्याच भाषेत संस्कृतीचे परदेशी झाले.

सरकारी मराठीत बदल करायला कोश लागणार नाही, समितीही नको. इतिवृत्तातला एक रकाना बदलला तरी सुरुवात होईल. बैठकीच्या इतिवृत्तात शेवटचा रकाना असतो ‘कार्यवाही’चा, आणि त्यात सर्रास लिहिलेलं असतं, ‘सर्व संबंधित’. या नावाचा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही, पण राज्यातली अर्धी कामं त्याच्याकडेच आहेत. तिथे एका अधिकाऱ्याचं नाव आणि एक तारीख आली, आणि तारीख चुकली तर नोटिशीऐवजी आधी एक फोन आला, तर पत्राची भाषा आपसूक सुधारेल. ‘तुमचा अर्ज मिळाला. मोजणीची तारीख मी २० तारखेपर्यंत कळवीन. काही अडलं तर या क्रमांकावर मला फोन करा.’ तेवढ्याच कागदावर, तेवढ्याच शाईत हे मावतं.

तोवर अर्जदार खिशातली घडी उलगडून पत्रावरच्या क्रमांकावर फोन लावतो. ‘होऊन जाईल तुमचं काम,’ पलीकडचा आवाज म्हणतो.

‘हो, पण करणार कोण?’

पलीकडे क्षणभर शांतता पसरते. मग प्रश्न येतो, ‘आपण कोण बोलताय?’